व्यंकट आणि दहा किलोंचा फरक

वार सोमवार, तुरीचा हंगाम. लातूरच्या एका डाळ मिलचा वजनकाटा. काट्याबाहेर लाल आकड्यांचा मोठा बोर्ड असतो, त्यावर वजन दिसत होतं ५६०० किलो. आतून छापून आलेल्या चिठ्ठीवर होतं ५५९०. फरक दहा किलोंचा. हजर होते काटेवाला सोपान, ट्रॉलीचे मालक बसवंतआप्पा, मागं रांगेत ट्रॅक्टर लावून उभे असलेले पंचवीस-तीस शेतकरी, आणि मी. व्यंकट हजर नव्हता. तो नांदेडला आमच्या ऑफिसात बसून होता. तरी हे सगळं मी लिहितो आहे ते त्याच्याविषयीच.

आमची कंपनी म्हणजे वजिराबादेत एका गाळ्यावरच्या तीन खोल्या. वजनकाट्यांची सॉफ्टवेअर करायची, जिनिंगला, डाळ मिलला, साखर कारखान्याला बसवून द्यायची, वर्षभर सांभाळायची. मालक शशीभाऊ. बसवणं आणि हिशेब माझ्याकडे. सॉफ्टवेअर लिहायचा व्यंकट, बिलोलीचा. उंची बेताची, मान जवळजवळ नाहीच, मनगटं कुस्तीगिरासारखी. टाइप करायचा दोनच बोटांनी, पण असं की खालच्या गाळ्यातला कापडवाला वर बघायचा. त्याच्या टेबलाखाली तुपाचा एक रिकामा डबा होता. त्यात फुटलेल्या कीबोर्डांची बटणं. राग आला की तो कीबोर्ड उचलून टेबलाच्या कडेवर आपटायचा. बटणं उडायची. मग स्वतःच खाली वाकून एकेक वेचून डब्यात टाकायचा. कंपनीत माझ्या दहाव्या वर्षी तो डबा गळ्यापर्यंत भरला होता.

कीबोर्डावर थांबला असता तर मी तक्रार केली नसती. तो माणसांनाही मारायचा. पुण्याहून शिकून आलेल्या एका नव्या इंजिनिअरला त्यानं माझ्यादेखत कानाखाली मारली. कारण काय, तर त्यानं डीएलएलनं कामापुरती घेतलेली मेमरी मुख्य प्रोग्राममधून सोडली होती.

डीएलएल म्हणजे काय हे इथं सांगायला हवं. विंडोजवर एखादं काम अनेक प्रोग्रामना लागत असेल, तर ते एका वेगळ्या फाइलमध्ये तयार करून ठेवतात. ज्याला लागेल त्यानं बोलवायचं, काम करून घ्यायचं. गावात लग्नाकार्याची मोठी भांडी देवळात सामायिक ठेवलेली असतात, तसं. आमच्या डीएलएलचं काम एकच, काट्याच्या यंत्रातून वजन वाचून प्रोग्रामला द्यायचं. अडचण अशी की मुख्य प्रोग्राम एका कंपायलरनं बनवलेला आणि डीएलएल दुसऱ्यानं. माणसानं लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर म्हणजे कंपायलर. आणि दोन कंपायलर म्हणजे दोन घरं. प्रत्येकाच्या रीती वेगळ्या.

"ज्यानं घेतली त्यानंच सोडायची!" व्यंकट ओरडत होता. "दोघांचं कोठार वेगळं हाय. तू दुसऱ्याच्या कोठारात हात घालून राहिला!"

तो पोरगा गाल धरून उभा होता. म्हणाला, "सर, तोंडानं सांगितलं असतं तरी कळलं असतं."

"कळलं असतं. ध्यानात राहिलं नसतं."

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मी व्यंकटला म्हणालो, हे बरं नाही. तो म्हणाला, "मुनीम, तू तुझे आकडे बघ." मला तो मुनीम म्हणायचा. इतर कुणी म्हणत नसे.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आधी ठरवा, मग जोडा." रिक्षात बसण्याआधी तेच, चहाची ऑर्डर देताना तेच, भाचीच्या लग्नाच्या बैठकीतही तेच. आम्हाला हसू यायचं. या वाक्याचं मूळ मला कळलं भोकरला, एका जिनिंगवर काटा बसवायला गेलो तेव्हा. तिथल्या मालकाच्या घरी वास्तुशांत होती. आम्हाला जेवायला बसवलं. खाली सतरंज्या, पुढे पत्रावळी. जेवण झालं आणि मी उठताना सवयीनं पत्रावळ उचलायला वाकलो. व्यंकटनं माझा हात घट्ट धरला.

"थांब. आधी बघ इथली रीत काय हाय."

शेजारचे लोक पत्रावळी तशाच ठेवून उठले. घरचे येऊन उचलू लागले. मग त्यानं माझा हात सोडला. मनगटावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते.

बाहेर हात धुताना त्यानं सांगितलं. बहिणीचं लग्न, बिलोलीला. मुलगा औश्याकडचा. यांच्याकडची रीत अशी की जेवणाऱ्यानं आपली पत्रावळ आपण उचलायची. पाव्हण्यांच्या गावची रीत, बोलावणाऱ्यानं उचलायची, आणि लग्न असेल तर मुलीच्या बापानं. हे कुणी कुणाला आधी विचारलं नव्हतं. पंगत उठली, पत्रावळी तशाच. यांच्या लोकांना वाटलं, पाव्हणे मुद्दाम अपमान करून राहिले. त्यांना वाटलं, हे लोक आमचा मान ठेवत नाहीत. मुलाचा चुलता मांडवात मोठ्यानं म्हणाला, "लेकीचा बाप झोपला का काय?" व्यंकटचा बाप निमूट वाकला आणि पहिली पत्रावळ त्यानं उचलली. व्यंकट तेव्हा वाढपी होता. हातात वरण वाढायचं मोठं वगराळं होतं. तेच त्यानं चुलत्याच्या डोक्यात घातलं.

"किती टाके पडले?" मी विचारलं. आकडा विचारायची माझी खोड.

"नऊ. आणि पुढं सहा वर्षं त्यांनी शांताला माहेरी धाडलं न्हाई. बाप गेला तेव्हा बी न्हाई."

त्यानं नळ बंद केला. मग एकदम ऑफिसातल्या आवाजात म्हणाला, "आता कळलं का तुला? प्रोग्राम डीएलएलला बोलावतो. काम झाल्यावर स्टॅकवरची उष्टी ताटं कोणी उचलायची? काही ठिकाणी बोलावणारा उचलतो. काही ठिकाणी जेवणारा. दोघांनी बी उचलली न्हाई तर ढीग साठतो. दोघांनी बी उचलली तर दुसरा तिसऱ्याचंच ताट घेऊन जातो, अन् तिसरा उपाशी. म्हणून आधी ठरवा, मग जोडा."

स्टॅक म्हणजे काम चालू असताना आकडे एकावर एक रचून ठेवायची जागा, हे मला त्याआधी तिघांनी समजावलं होतं. कळलं ते त्या दिवशी.

आता मूळ गोष्ट. ज्या संगणकावर आमचा जुना, विकतचा कंपायलर होता तो त्या पावसाळ्यात बंद पडला. नवा परवाना घेण्यापेक्षा फुकटचा कंपायलर वापरा, असं शशीभाऊंनी सांगितलं. त्यात गैर काही नव्हतं. जगभर लोक वापरतात. व्यंकटनं आठ दिवस बसून डीएलएल नव्या कंपायलरवर बांधली. बाहेरच्या जगाला दिसणारी नावं जुन्यासारखीच ठेवली, कारण दोन कंपायलर एकाच कामाच्या दारावर वेगवेगळ्या पाट्या लावतात आणि मुख्य प्रोग्राम जुनी पाटी शोधत येतो. उष्टी कोणी काढायची ते जुळवलं. मेमरीचं जुळवलं. चाचणी तो स्वतःच करायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. काट्यावर प्रमाणित वजनं रचून पाचशे किलो तपासलं, हजार तपासलं. दोन्ही बरोबर. मी लातूरला जाऊन बसवून आलो. आणि तिसऱ्या आठवड्यात तो सोमवार उगवला. मी वर्षाच्या कराराचे कागद घेऊन काट्याच्या केबिनमध्ये बसलो होतो.

बसवंतआप्पा निलंग्याकडचे. साठीचे, काटक. डोळ्यावर चष्मा नव्हता, आणि बोर्ड वाचायचे मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्यांनी "छप्पनशे!" म्हटलं, आणि खिडकीतून चिठ्ठी हातात आली.

"सोपान, हे पंचावन्नशे नव्वद कशापायी?"

सोपान म्हणाला, "आप्पा, मशीननं दिलंय. मी काय हातानं लिहितो का?"

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. बोर्डावर ५६००, चिठ्ठीवर ५५९०. मागची ट्रॉली आली. बोर्डावर ६६००, चिठ्ठीवर ६५९०. आता रांगेतले लोक उतरून खिडकीशी आले. मी काहीतरी सांगू लागलो, पण काय सांगू ते मलाच माहीत नव्हतं. तिसरी ट्रॉली काट्यावर चढली. बोर्डावर ५७००. चिठ्ठीवरही ५७००.

तिसरी ट्रॉली सोपानच्या गावची होती. त्याच्या भावकीतली.

एवढं पुरे झालं. कुणीतरी ओरडलं, "घरच्याला पुरं, दुसऱ्याला कमी! माणूस बघून मारून राहिलाय वजन!" पहिला दगड खिडकीच्या काचेतून आला आणि प्रिंटरवर पडला. सोपान दार लावायला उठला. दार बाहेरून ढकललं गेलं, त्याचा उजवा हात चौकटीत होता, आणि पाच-सहा जणांनी खांदा लावला. तो आवाज मी आजही सांगू शकत नाही. सोपान किंचाळला नाही. खाली बसला, आणि हात दारात तसाच राहिला. मग दार उघडलं, त्याला ओढून बाहेर नेलं. कुणी लाथा घातल्या, कुणी चाबकाच्या दांड्यानं मारलं. एकानं ट्रॉलीच्या हुकाची लोखंडी पिन आणून संगणकावर घातली. मला पाठीत एक बसली, कशाची ते पाहिलं नाही. मी टेबलाखाली होतो. सोपान सारखं एकच म्हणत होता, "माझ्या लेकराची शपथ, मी न्हाई." पोलीस आले तोवर त्याचा आवाज थांबला होता.

उजव्या हाताची तीन बोटं मोडली. दोन पुढे कधी वाकलीच नाहीत. मिलनं त्याला त्याच दिवशी काढलं आणि वजनात चोरी केल्याचा अर्ज पोलिसांत दिला. बावीस वर्षं त्या काट्यावर बसलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडला ऑफिसात. व्यंकटला सगळं सांगितलं आणि तिन्ही चिठ्ठ्यांचे आकडे एका कागदावर लिहून पुढे ठेवले. तो आधी म्हणाला, "सोपान्या असला न्हाई." मग आकड्यांकडे बघत बसला. मग संगणकावर दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला. बाहेरचा बोर्ड थेट काट्याच्या यंत्रावर चालायचा, म्हणून तो बरोबर. प्रोग्रामकडे मात्र यंत्र वजन टनात पाठवायचं, ५.६० असं. डीएलएल त्याला शंभरानं गुणायची, उरलेला दशांश कापून टाकायची, आणि दहा किलोंच्या हिशेबानं प्रोग्रामला द्यायची. शशीभाऊंच्या लॅपटॉपवर जुन्या कंपायलरची एक नमुना प्रत होती, धंद्याला न चालणारी, पण एवढ्यापुरती पुरेशी. त्यावर उत्तर आलं ५६०. नव्यावर आलं ५५९.

५.७ टाकलं. दोन्हीकडे ५७०.

मला त्यानं दोन वाक्यांत समजावलं. संगणकाला ५.६ नेमकं साठवता येत नाही, तो केसाएवढं कमी साठवतो. जुना कंपायलर गुणाकार झाल्याझाल्या गोल करायचा, तो केस मिटून जायचा. नवा मधला हिशेब अधिक घरं लांब ठेवतो, केस शिल्लक राहतो, आणि दशांश कापला की अख्खे दहा किलो जातात. पाचशे आणि हजार किलो मात्र टनात अर्धा आणि एक होतात. ते आकडे संगणकाला नेमके साठवता येतात. त्यानं चाचणीला नेमके तेच घेतले होते.

"म्हणजे कंपायलर चुकला?" मी म्हणालो.

"कुणीच न्हाई चुकलं. दोघांची रीत वेगळी. मी विचारलं न्हाई."

हे शांतपणे बोलला आणि मग त्यानं मॉनिटरच्या काचेत मूठ मारली. एकदा, आणि परत त्याच जागी. मूठ काढली तेव्हा मनगटापर्यंत रक्त होतं. आवाज ऐकून शशीभाऊ आतून आले. मी त्यांना थोडक्यात सांगितलं. त्यांनी एक मिनिट विचार केला. ते वाईट माणूस नव्हते. घर चालवणारे माणूस होते.

"तू उद्या जाऊन दुरुस्त डीएलएल टाकून ये," ते मला म्हणाले. " कुणाशी बोलू नको. तिथं काटेवाल्यावर ठरलंच आहे सगळं, आपलं नाव कुठं आलंय?"

"भाऊ, त्याचा हात गेलाय," मी म्हणालो.

"आपण सांगितल्यानं येणार आहे का?"

व्यंकटनं रक्ताच्या मुठीनंच मारलं. नाकावर. शशीभाऊ फायलींच्या कपाटावर आदळले. कपाटाचं दार निखळलं, फायली अंगावर आल्या. व्यंकट पुन्हा पुढे गेला. मी मागून कमरेला मिठी घातली आणि त्यानं मला झटकून टाकलं तसा मी भिंतीला लागलो. दुसरा फटका त्यानं मारला नाही. का ते माहीत नाही. शशीभाऊ खाली बसून रुमालानं नाक दाबत म्हणाले, "व्यंकट, तू सुटलास इथून." व्यंकट म्हणाला, "हाव." तुपाचा डबा उचलला, काखेत मारला आणि जिना उतरला. मी मागोमाग. आम्ही लातूरच्या बसमध्ये बसलो. लोहा गाव आलं तेव्हा तो म्हणाला, "तुला लागलं का?" मी म्हणालो, पाठीला आधीचंच आहे, भर पडली. तो खिडकीबाहेर बघू लागला.

मिलचे मालक ऐकायला तयार नव्हते. व्यंकटनं त्यांना सांगितलं की शेतकऱ्यांसमोर काट्यावरच दाखवतो. गर्दी शांत होत असेल तर त्यांनाही हवंच होतं. गुरुवारी, आवक जास्त असते त्या दिवशी, निरोप गेले. बसवंतआप्पांची तीच ट्रॉली मागवली. त्यात पोती कमीजास्त करून बोर्डावर ५६०० येईतो भरली. खिडकी काढून टाकलेली होती, नवा संगणक बाहेरच टेबलावर मांडला, की सगळ्यांना पडदा दिसावा. जुनी डीएलएल लावली. ५६००. नवी लावली. ५५९०. लोकांत कुजबुज झाली. एक पोतं चढवलं, मग मी ओंजळीनं तूर घालत गेलो, ५७०० होईतो. दोन्हींनी ५७०० दिलं.

"बघा," व्यंकट म्हणाला. त्याच्या मुठीला पट्टी होती. "सोपाननं काही केलं न्हाई. तो इथं बसला नसता तरी हेच आलं असतं. त्याच्या भावकीचं वजन बरोबर आलं ते आकड्यामुळं, नात्यामुळं न्हाई. ही खोट माझी हाय. मी बनवलं, मीच तपासलं, मीच कमी तपासलं."

मागून आवाज आला, "म्हणजे चोर तू व्हय."

"चोर न्हाई. पण जिम्मा माझा."

पहिली चप्पल बसवंतआप्पांची. तोंडावर. मग सगळे.

मी व्यंकटला पंधरा वर्षं ओळखत होतो. तो मार खाईल असं मला वाटलं नव्हतं. दोघे-तिघे तर त्यानं सहज लोळवले असते. पण तो मागं सरकत ट्रॉलीला टेकला, ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला लावायची जाड साखळी लोंबत होती ती त्यानं दोन्ही हातांनी धरली, आणि सोडली नाही. त्याचे हात वर येऊ पाहत होते हे मी पाहिलं. साखळी ताणली जायची, कड्यांचा आवाज यायचा, पुन्हा सैल पडायची. पोटात बुक्के बसले. कुणीतरी चाबकाचा दांडा बरगडीवर घातला. तोंडातून रक्त आलं आणि त्याबरोबर दात. मी मधे शिरलो तर तो ओरडला, "मुनीम, बाजूला हो! तुझं काय हाय ह्यात?" त्याच रागानं, ज्यानं ऑफिसात ओरडायचा.

तेवढ्यात गर्दी फाकली. सोपान आला होता. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, एक डोळा अजून सुजलेला. लोकांनी वाट दिली. आता त्याच्याकडे कुणाला सरळ बघवत नव्हतं. तो व्यंकटसमोर उभा राहिला.

"साहेब, तुम्ही केलं हे?"

"हाव. मीच."

सोपाननं डाव्या हातानं चापट मारली. उजव्या हाताचा माणूस, डावीला जोर कमी. आधीच्या माराच्या मानानं ती काहीच नव्हती. पण साखळी व्यंकटच्या हातातून त्या चापटीला सुटली, आणि तो खाली बसला. मग कुणीच मारलं नाही. मारण्यासारखं राहिलंच नव्हतं काही.

दोन बरगड्या, पुढचे दोन दात. पोलिसांनी दवाखान्यात येऊन विचारलं, तक्रार द्यायची का. तो म्हणाला, सोपानवरचा अर्ज मागे घ्या, माझी तक्रार न्हाई. अर्ज मागे घेतला गेला. मिलनं सोपानला परत बोलावलं.

तिसऱ्या दिवशी शांता आली, त्याची बहीण, औश्याहून. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. चेहरा त्याच्यासारखाच, फक्त मान होती. डब्यात मऊ भात आणि पातळ वरण. तिनं त्याला उठवून बसवलं, भरवलं. तो आवंढा गिळताना कळ येऊन थांबायचा, ती वाट बघायची.

"आता बरं वाटलं का दादा, मार खाऊन?"

त्यानं पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

ती माझ्याकडं वळली. "ह्यानं मांडवात वगराळं मारलं, ते चुलतसासऱ्याला लागलं असं ह्याला वाटतं. नऊ टाके मोजून ठेवलेत ह्यानं. मला किती पडले ते न्हाई मोजले."

"शांता," तो म्हणाला. दात नसल्यानं नीट उमटलंही नाही.

"जेव," ती म्हणाली. जेवण झाल्यावर त्यानं ताट उचलायला हात पुढे केला. तिनं ते आधीच ओढून घेतलं होतं. "राहू दे. तुझ्या बरगड्या मोडल्यात," ती म्हणाली आणि धुवायला घेऊन गेली.

मी तोवर एक हिशेब करून टाकला. तीन आठवड्यांच्या सगळ्या वजनांची नक्कल माझ्याकडे होतीच. भरल्या ट्रॉलीचं वजन कमी लागलं की शेतकऱ्याचं नुकसान. पण रिकामी ट्रॉली काट्यावर येते तेव्हा तिचंही कमी लागायचं, ३४०० असेल तर ३३९०, आणि तिथं नुकसान मिलचं. सगळं मांडून पाहिलं तर मिलचं नुकसान शेतकऱ्यांपेक्षा थोडं जास्तच निघालं. खुद्द बसवंतआप्पांच्या ट्रॉलीचं रिकामं वजन त्या गोंधळानंतर घेतलं होतं, तो आकडा मात्र बरोबर होता. त्यांचे दहा किलो खरोखर गेले होते. मी व्यंकटला हे सांगितलं. त्यानं डोळे मिटूनच विचारलं, "रिकाम्या ट्रॉलीचं कमी लागलं म्हणून कुणी कुणाला मारलं का?" मी म्हणालो, नाही. रिकाम्या ट्रॉलीचा बोर्ड कोण वाचतं?

त्यानंतर त्यानं कुणावर हात टाकला नाही, असं लिहायला मला बरं वाटलं असतं. पण दोन महिन्यांनी नांदेडच्या बसस्टँडवर त्यानं एका रिक्षावाल्याला मारलं. भाडं आधी ठरलं होतं आणि तो उतरताना जास्त मागत होता. मी तिथंच होतो. मारून झाल्यावर त्यानं हाताकडे पाहिलं आणि तो खिशात घातला. आता तो बिलोलीलाच असतो, घरून कामं घेतो. वेगवेगळ्या कंपायलरवर बांधलेल्या जुन्या डीएलएल एकमेकांशी जुळवून देतो. असं काम करणारे थोडे उरलेत आणि जुने प्रोग्राम पुष्कळ. मी फोन केला तर एक तास बोलतो, त्यातली पन्नास मिनिटं शिव्या असतात.

पण मला तो दिसतो तो त्या हंगामाच्या शेवटच्या आठवड्यातला. आम्ही पुन्हा लातूरला गेलो होतो. सोपानला त्यानं आधी विचारलं होतं, काय देऊ? सोपान म्हणाला होता, "तुमचं काही नको. मला बटण दाबता येत न्हाई, तेवढं बघा." म्हणून व्यंकटनं शिलाई मशीनचं मोडीतलं पायडल आणलं होतं. केबिनमध्ये टेबलाखाली पालथा पडून, बरगड्यांना पट्टा बांधलेला, तो ते संगणकाला जोडत होता. पायानं दाबलं की वजन घेतलं जाणार. त्यासाठी डीएलएल पुन्हा बांधली होती, आणि या वेळी दहा किलोंपासून वीस टनांपर्यंतचा एकेक आकडा दोन्ही कंपायलरवर तपासला होता. चाचणी मला करायला लावली. तो नुसता शेजारी बसून होता.

"दाब," तो टेबलाखालून म्हणाला.

सोपाननं पाय दाबला. चिठ्ठी आली. त्यानं ती डाव्या हातानं फाडली, खिडकीतून मान काढून बोर्ड वाचला, चिठ्ठी वाचली. "बरोबर," म्हणाला. मग, "पायाला चप्पल घालू का नको?"

"आधी ठरव," व्यंकट म्हणाला, आणि सोपान पहिल्यांदा हसला.

तिथून आम्ही मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेलो. व्यंकटनं दहा किलो तूर घेतली, पोत्यात बांधून खांद्यावर मारली, बरगड्यांसकट, मला हात लावू दिला नाही. निलंग्याकडच्या त्या गावी पोचलो तेव्हा बसवंतआप्पा ओसरीवर बसले होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, ओळखलं, उठले नाहीत. व्यंकटनं पोतं त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे काय?"

"तुमचे दहा किलो."

आप्पांनी आत हाक मारून तागडी मागवली. एका पारड्यात पाच-पाचची दोन मापं, दुसऱ्यात तूर. पारडं तुरीकडं झुकलं. आप्पा मुठीनं तूर काढत गेले, थोडी थोडी, काटा सरळ होईतो. हातात एक मूठ उरली. ती त्यांनी व्यंकटच्या हातावर ठेवली.

"ही तुझी," ते म्हणाले. "बस आता. जेवून जा. अन् आमच्याकडं पत्रावळ आम्हीच उचलतो, आधीच सांगून ठेवतो."

आप्पा एकदा दवाखान्याच्या दारापर्यंत येऊन परतले होते, तेव्हा ती बिलोलीची गोष्ट त्यांना मीच सांगितली होती. व्यंकटनं माझ्याकडे असं पाहिलं की दुसरा दिवस असता तर मी मार खाल्ला असता. मग मूठ मिटून तो ओसरीवर बसला. दिली गेली ती दहा किलो तूर, बसवंतआप्पांना. एक मूठ परत आली, ती जेवताना त्यानं डाव्या हातात तशीच धरून ठेवली होती.